पावलांआधी प्रश्न

नाच बसवणं म्हणजे काय, असं कुणालाही विचारलं तर साधारण एकच चित्र डोळ्यांसमोर येतं. नृत्यदिग्दर्शक समोर उभा आहे, तो पाऊल टाकून दाखवतो, बाकीचे ते उचलतात. चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. शाळेच्या स्नेहसंमेलनापासून सिनेमाच्या सेटपर्यंत हीच रीत. पाऊल आधी दिग्दर्शकाच्या अंगात असतं, मग ते नाचणाऱ्याच्या अंगात उतरतं. शास्त्रीय नृत्यात तर ही वाट गुरूपासून शिष्यापर्यंत शेकडो वर्षांची आहे, आणि तिच्यात गैर काहीच नाही.

पण ही वाट उलटीही चालता येते. दिग्दर्शकाने पाऊल दाखवायचंच नाही, प्रश्न विचारायचा, आणि नाचणाऱ्याने आपल्या आयुष्यातून त्याचं उत्तर शोधून आणायचं. जर्मनीतल्या पिना बाउश या नृत्यदिग्दर्शिकेने १९७८ साली ही वाट धरली. तिच्या त्या वर्षीच्या एका नृत्यनाट्याची हकीकत आज सांगतो. त्याचं नाव ‘कोंटाक्टहोफ’. हे नृत्यनाट्य आधी व्यावसायिक नर्तकांनी केलं, पुढे पासष्टीपुढच्या आजी-आजोबांनी केलं, मग शाळकरी मुलामुलींनी केलं आणि अगदी अलीकडे मूळच्या नर्तकांनीच म्हातारपणी पुन्हा केलं. एकाच कलाकृतीला असं चार वेळा नवं अंग मिळावं, हे नृत्याच्या इतिहासात क्वचितच घडतं. ते का घडू शकलं, हा माझ्या कुतूहलाचा विषय आहे.

पिनाचा जन्म २७ जुलै १९४० चा. गाव झोलिंगेन, चाकू-कात्र्यांसाठी प्रसिद्ध असलेलं. महायुद्ध पेटलेलं होतं. आईवडिलांची छोटी खाणावळ आणि राहण्याच्या काही खोल्या होत्या. रात्री निजायची वेळ टळून गेली तरी ही मुलगी टेबलांखाली बसून माणसं न्याहाळत असे. कोण कुणाशी गोड बोलतंय, कोण भांडतंय, कोण एकटंच पीत बसलंय. पुढे तिच्या नृत्यनाट्यांत टेबलं-खुर्च्या आणि एकमेकांना शोधणारी माणसं इतक्या वेळा आली, की त्या खाणावळीची आठवण सगळ्यांनाच काढावी लागते.

१९५५ मध्ये, पंधरावं वर्ष लागलेलं असताना, ती एसेनच्या फोल्कवांग शाळेत दाखल झाली. तिथे तिला कुर्ट योस हे गुरू भेटले. त्यांच्याबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. योस यांनी १९३२ साली ‘हिरवं टेबल’ नावाचं नृत्यनाट्य रचलं. मुखवटे घातलेले मुत्सद्दी हिरव्या टेबलाभोवती वाटाघाटी करतात, मग युद्ध होतं, मृत्यू एकेकाला घेऊन जातो, आणि शेवटी तेच मुत्सद्दी त्याच टेबलाभोवती पुन्हा वाटाघाटी करत असतात. त्याला पॅरिसच्या स्पर्धेत पहिलं पारितोषिक मिळालं. पुढच्याच वर्षी हिटलर सत्तेवर आला. आपल्या ज्यू संगीतकाराला, फ्रिट्झ कोहेनला, काढून टाकण्याचा दबाव योस यांच्यावर आला. त्यांनी तो मानला नाही, देश सोडला आणि इंग्लंडमधल्या डार्टिंग्टन हॉलमध्ये आसरा घेतला.

हे डार्टिंग्टन आपल्याला परकं नाही. ते उभं करणारे लिओनार्ड एल्महर्स्ट हे रवींद्रनाथांचे श्रीनिकेतनमधले सहकारी. उदयशंकर यांच्या अल्मोड्याच्या केंद्राला पैशाचं पाठबळ मिळालं तेही याच डार्टिंग्टनकडून. योस १९४९ मध्ये जर्मनीला परतले आणि त्यांनी पुन्हा शिकवायला सुरुवात केली. नाच हा केवळ शोभेचा नसतो, त्याला काही सांगायचं असतं, ही शिकवण पिनाला त्यांच्याकडून मिळाली. त्यानंतर शिष्यवृत्तीवर ती न्यूयॉर्कच्या जुलियार्ड शाळेत शिकली आणि १९६२ मध्ये परत आली.

१९७३ मध्ये वुपर्टालच्या नाट्यगृहाने तिला नृत्यविभागाची जबाबदारी दिली. वुपर्टाल हे कारखान्यांचं, पूर्वी कापडगिरण्यांसाठी गाजलेलं शहर. फ्रीडरिश एंगल्सचा जन्म तिथल्याच एका गिरणीमालकाच्या घरातला. नदीच्या वरून लोंबकळत धावणारी रेल्वे १९०१ पासून तिथे आहे. इथला प्रेक्षक म्हणजे हंगामाचं तिकीट काढून ऑपेरा आणि बॅले पाहणारा. त्याला पांढऱ्या झग्यातल्या हंसिणी हव्या होत्या. पिनाने त्याच्यासमोर काय ठेवलं? १९७५ मध्ये स्ट्राविन्स्कीच्या ‘वसंताचा बळी’ या रचनेसाठी तिने सगळा रंगमंच काळ्या दलदली मातीने भरून टाकला. त्या मातीत नर्तक धावले, पडले, घामाने आणि चिखलाने माखले. प्रेक्षक दारं आपटून बाहेर पडत. तिला निनावी फोन येत. प्रयोग चालू असताना शेवटच्या रांगेत बसलेल्या पिनाचे केस ओढले गेल्याचं आणि तिच्यावर थुंकल्याचंही नोंदलं गेलं आहे.

बाहेरचा विरोध एकवेळ सोसता येतो. घरातला विरोध जास्त लागतो. १९७६ मध्ये ब्रेश्ट-वाइल यांच्या ‘सात महापापं’वरचा प्रयोग झाल्यानंतर तिच्याच संचातल्या बऱ्याच नर्तकांनी सांगितलं, की यापुढे आम्हाला तुझ्याबरोबर काम करायचं नाही. लहानपणापासून बॅलेची तालीम घेतलेली ही माणसं. आपण इतकं शिकलो ते रंगमंचावर ओरडायला आणि धडपडायला का, हा त्यांचा प्रश्न रास्त होता. पिना खचली. यान मिनारिक या तिच्या नर्तकाची एक लहानशी खोली होती. तिथे मोजक्या दोन-चार जणांना घेऊन ती काम करू लागली. हळूहळू एकेक जण दारात डोकावू लागला आणि ज्याला मनापासून यायचं होतं तो आत आला. १९७७ च्या जानेवारीत रंगमंचावर आलेलं ‘ब्लूबिअर्ड’ तिथूनच निघालं. वाळक्या पानांनी भरलेल्या खोलीत एक माणूस टेपरेकॉर्डरचं बटण दाबतो, थांबवतो, मागे नेतो, पुन्हा तेच वाजवतो.

आणि मग आलं बोखुम. १९७८ च्या एप्रिलमध्ये जर्मन शेक्सपिअर सोसायटीच्या वार्षिक मेळाव्यासाठी बोखुमच्या नाट्यगृहाने तिला ‘मॅक्बेथ’वर काहीतरी करायला सांगितलं. हाताशी होते चार नर्तक, काही अभिनेते आणि एक ऑपेरा गायिका. आता करायचं काय? नर्तकांना पाऊल दाखवता येतं. अभिनेत्याला आणि गायिकेला तेच पाऊल दाखवून काय उपयोग? त्यांची अंगं वेगळी, त्यांचं शिक्षण वेगळं. अशा अडचणीत पिनाने प्रश्न विचारायला सुरुवात केली. जे प्रश्न तिला स्वतःला पडले होते, तेच तिने समोरच्यांना घातले. कुणी बोलून उत्तर दिलं, कुणी हालचालीतून, कुणी एखादा छोटा प्रसंग करून. प्रयोगाला बसलेल्या शेक्सपिअरच्या अभ्यासकांना हे मुळीच रुचलं नाही, पहिल्याच अर्ध्या तासात गोंधळ उडाला. पण पिनाला तिची वाट सापडली होती. ज्या पद्धतीमुळे ती पुढे जगभर ओळखली गेली, तिचा जन्म अशा नाइलाजातून झालेला आहे.

त्याच वर्षाच्या शेवटी वुपर्टालमध्ये ‘कोंटाक्टहोफ’ची तालीम झाली. जर्मनमध्ये ‘होफ’ म्हणजे अंगण, चौक. ‘कोंटाक्टहोफ’ म्हणजे भेटीचं अंगण. पण या शब्दाला एक बोचरा अर्थही आहे. वेश्यावस्तीतल्या इमारतीत बायका आणि गिऱ्हाइकं एकमेकांना पाहतात, त्या चौकालाही तिथे हेच नाव आहे. भेट आणि बाजार हे दोन्ही अर्थ पिनाला हवे होते.

तालमीचा मध्यवर्ती प्रश्न होता हळुवारपणाचा. हळुवारपणा म्हणजे काय? कुणाशी हळुवार वागायचं असतं तेव्हा माणूस नेमकं काय करतो? त्याचे हात कुठे जातात? आणि तो हळुवारपणा कुठवर हळुवार राहतो, कुठल्या क्षणी तो दुसरंच काही होतो? नर्तक एकेक करून उत्तरं देत. कुणी दुसऱ्याच्या कपाळावरची बट मागे सारी, कुणी कॉलर नीट करी, कुणी गालाचा हळूच चिमटा घेई. पिना बोलायची कमी. तिच्या हातात वही-पेन्सिल, बोटांत सिगारेट. ती सगळं लिहून घेई. बरं-वाईट काही म्हणत नसे. त्या ढिगातलं बहुतेक सगळं टाकून दिलं जाई. उरलेल्या थोड्या गोष्टी ती पुन्हा करून पाहायला सांगे: हेच दोघांनी करा, हेच सगळ्यांनी एका रांगेत करा, हेच फार सावकाश करा, हेच या गाण्यावर करा. खरी रचना इथे सुरू होई. उत्तरं नर्तकांची, जोडणी तिची. गोधडीतल्या चिंध्या घरभरच्या असतात, टाका मात्र एकाच हाताचा असतो, तसं काहीसं.

मग ९ डिसेंबर १९७८ ला पडदा उघडला तेव्हा लोकांना काय दिसलं? जुन्या नाचघरासारखा एक उंच, उदास हॉल. भिंतीला टेकवलेल्या खुर्च्या, एक पियानो, मागे छोटासा पडदा, कोपऱ्यात नाणं टाकलं की डुलणारा यांत्रिक घोडा. नेपथ्य होतं रोल्फ बॉर्त्सिक यांचं. बायका साटीनच्या झगझगीत झग्यांत, पुरुष काळ्या सुटांत. संगीत १९२०-३० च्या काळातल्या जर्मन नाचगाण्यांचं.

सुरुवातीला एक बाई खुर्चीवरून उठून प्रेक्षकांच्या अगदी समोर येते. ती आपली समोरची बाजू दाखवते, मग वळून पाठ दाखवते. हात पुढे करते, तळहात-मळहात दाखवते. केस मागे घेते. ओठ ओढून दात दाखवते. मग मागे जाऊन बसते. मग दुसरी येते, मग तिसरा, मग सगळे.

मी हे पहिल्यांदा चित्रफितीवर पाहिलं, तेव्हा मला जर्मनी आठवलंच नाही. मला आठवला आपला ‘बघण्याचा कार्यक्रम’. पोह्यांच्या बश्या, जरा चालून दाखव, केस लांब आहेत का, गाणं येतं का. वुपर्टालच्या रंगमंचावर फरक इतकाच, की तिथे पुरुषालाही दात दाखवावे लागतात. आणि बघायला आलेली मंडळी म्हणजे आपण, तिकीट काढून बसलेले प्रेक्षक. आपण कुणाला तरी तपासतो आहोत याची जाणीव त्या पहिल्या पाच मिनिटांत होते आणि पुढचे तीन-एक तास ती पाठ सोडत नाही.

त्या तीन तासांत सरळ गोष्ट अशी काही नाही. सगळे मिळून गोल फेर धरतात आणि प्रेक्षकांकडे पाहून गोड हसतात. एक पुरुष आणि एक बाई हॉलच्या दोन टोकांना बसून, लाजत, एकमेकांकडे पाहत, एकेक कपडा उतरवतात, आणि मधलं अंतर काही तुटत नाही. एका रांगेत बसून सगळे एकदम आपापल्या प्रेमाच्या गोष्टी सांगू लागतात. एक जण मायक्रोफोन घेऊन फिरतो, तो ज्याच्यापुढे येईल त्याचंच वाक्य आपल्याला ऐकू येतं, बाकीच्यांचं गर्दीत विरून जातं. आणि शेवटाकडे येतो तो प्रसंग. एक बाई एकटी उभी आहे. एक पुरुष येतो, तिचे केस कुरवाळतो. दुसरा येतो, हात हातात घेतो. तिसरा नाक चिमटतो, चौथा खांदा थोपटतो. एकेक स्पर्श मायेचा. पण स्पर्श थांबत नाहीत, वाढत जातात, सगळे तिला घेरतात, आणि कधीतरी आपल्या लक्षात येतं, की हा आता छळ झाला आहे. कुठल्या क्षणी झाला, ते बोट ठेवून सांगता येत नाही. तालमीतल्या त्या प्रश्नाचं हे उत्तर आहे, आणि ते कुणा एकाच्या डोक्यातून निघालेलं नाही.

आमच्या भागात ज्येष्ठ नागरिकांचा एक कट्टा आहे. एकदा तिथे नाटकाबद्दल बोलायला गेलो असताना मी पिनाचा हा प्रश्न सहज विचारला. म्हटलं, कुणी तुमच्याशी हळुवार वागलं असेल तर ते फक्त हाताने करून दाखवा, बोलू नका. पहिल्यांदा हशा झाला, मग शांतता. एका आजींनी शेजारणीच्या खांद्यावरून घसरलेला पदर नीट बसवला. एका गृहस्थांनी मळहात समोरच्याच्या कपाळाला लावून ताप पाहिला. एक जण उठले, कुणीच नसलेल्या खुर्चीजवळ गेले आणि एक चप्पल सरळ करून ठेवल्यासारखं करून परत येऊन बसले. कुणी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. त्यातल्या एकानेही कधी नाच केला नव्हता. पण त्या तीन हालचाली मला शिकवून बसवता आल्या नसत्या. पिनाची पद्धत म्हणजे काय, हे मला पुस्तकांपेक्षा त्या दुपारी जास्त कळलं.

ही पद्धत घेऊन पिना आणि तिचे नर्तक पुढे गावोगाव गेले. १९८६ मध्ये रोममधल्या ‘व्हिक्टर’पासून एक प्रथाच पडली. एखाद्या शहरात काही आठवडे राहायचं, बाजार, बंदरं, नाचघरं पाहायची आणि परत येऊन त्या अनुभवावर प्रश्न-उत्तरांतून नवं काम उभं करायचं. भारताशी तिचं नातं जुनं होतं. १९७९ मध्ये ती संच घेऊन भारतात आली होती, १९९४ मध्ये पुन्हा आली. चंद्रलेखांसारख्या बंडखोर नृत्यदिग्दर्शिकेशी तिची मैत्री झाली. कोलकाता आणि केरळातल्या वास्तव्यातून २००७ मध्ये ‘बांबू ब्लूज’ हे नृत्यनाट्य तयार झालं. चेन्नईत जन्मलेली, पॅरिसमध्ये वाढलेली कुचिपुडी नर्तिका शांतला शिवलिंगप्पा त्यात होती.

पण या पद्धतीवर एक आक्षेप पहिल्यापासून आहे आणि तो टाळून पुढे जाता येत नाही. उत्तरं जर नर्तकांची, त्यांच्या बालपणाची, त्यांच्या प्रेमभंगांची, तर कलाकृती कुणाची? पोस्टरवर नाव एकीचं. नर्तकाने तालमीत आपली जखम उघडी केली, ती रंगमंचावर गेली आणि पुढची वीस वर्षं दर प्रयोगाला त्याने ती उघडी करायची, हे न्याय्य आहे का? समर्थक म्हणतात, कुणावर सक्ती नव्हती आणि निवड-जोडणीशिवाय उत्तरं म्हणजे नुसता ढीग. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. मला स्वतःला वाटतं, की श्रेयनामावलीत नर्तकांना सहनिर्माते म्हणून ठळक जागा मिळायला हवी. प्रश्न विचारणारा मोठा असतोच, पण खरं उत्तर देणाऱ्याने जास्त जोखीम घेतलेली असते.

याच आक्षेपातून दुसरा एक प्रश्न निघतो. कलाकृती जर विशिष्ट माणसांच्या आयुष्यातून विणलेली असेल, तर ती माणसं गेली की ती संपणार का? कथकची बंदिश एका गुरूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकते, कारण ती कुणा एकाच्या खासगी आठवणीवर उभी नसते. ‘कोंटाक्टहोफ’चं काय?

याचं उत्तर पिनानेच दिलं. हे नृत्यनाट्य आयुष्याची बरीच वाट चाललेल्या माणसांनी केलं तर कसं दिसेल, हा विचार तिच्या मनात बरीच वर्षं होता. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस वुपर्टालच्या वर्तमानपत्रात जाहिरात आली: पासष्टीपुढची स्त्री-पुरुष मंडळी हवीत, नाचाचा अनुभव नसला तरी चालेल. शंभराहून अधिक लोक आले. त्यांतून पंचवीसच्या आसपास निवडले गेले. गावातली साधी निवृत्त माणसं. तालीम जवळजवळ वर्षभर चालली. ती घेतली मूळ संचातल्या जो अ‍ॅन एंडिकॉट आणि बेआत्रिचे लिबोनाती यांनी. सिडनीहून आलेली एंडिकॉट १९७३ पासून पिनाबरोबर होती. तिने या मंडळींकडून एकही सवलत न देता तीच पावलं, तेच फेर, तेच तीन तास करून घेतले.

२००० च्या फेब्रुवारीत प्रयोग झाला. पहिल्या दृश्यात सत्तरीची बाई पुढे येते आणि दात दाखवते, हात दाखवते. हातावर शिरा आणि डाग आहेत. १९७८ मध्ये त्या दृश्यात उपरोध होता: बघा, आम्ही विक्रीला आहोत. आता त्यातला बाजार मागे सरला आणि वेगळंच काही पुढे आलं. हे हात, यांनी एवढं सगळं केलं. दोन टोकांना बसून लाजत कपडे उतरवणारे दोघे आता पंचविशीतले नाहीत, आणि कुणीतरी आपल्याला पाहावं ही इच्छा मात्र तेवढीच ताजी आहे. म्हातारी माणसं प्रेमाच्या गोष्टी सांगताना रंगमंचावर दिसणं आपल्याला सवयीचं नाही. आपण त्यांना नातवंडांच्या गोष्टी सांगायला लावतो. हा प्रयोग पुढे इतका चालला, की ही मंडळी उतारवयात परदेश दौरे करू लागली.

मग २००८. या वेळी चौदा वर्षांपुढची मुलंमुली. वुपर्टालच्या वेगवेगळ्या शाळांतून चाळीसच्या आसपास मुलं जमली. काही स्थलांतरित कुटुंबांतली, बहुतेकांनी पिना बाउश हे नावही ऐकलेलं नव्हतं. जवळजवळ वर्षभर दर शनिवारी जो अ‍ॅन एंडिकॉट आणि बेनेदिक्त बिये या दोघी त्यांची तालीम घेत. जागा होती लिश्टबुर्ग, म्हणजे एक बंद पडलेलं जुनं सिनेमागृह, जे पिनाच्या संचाची तालमीची खोली झालं होतं. अधूनमधून पिना स्वतः येऊन बसायची. या तालमींवर ‘तांत्सट्रॉयमं’, म्हणजे ‘नृत्यस्वप्नं’, नावाचा माहितीपट निघाला. त्यात दिसतं, की सगळ्यांत अवघड गेलं ते हळुवार स्पर्शाचंच. ढकलाढकली, आरडाओरडा मुलांना लगेच जमतो. पण वर्गातल्या मुलीच्या गालाला सगळ्यांदेखत हळूच हात लावायचा, आणि हसायचं नाही, हे त्या वयात डोंगर चढण्यासारखं. जो प्रश्न १९७८ मध्ये तीस वर्षांच्या नर्तकांना घातला होता, तोच इथे पंधराव्या वर्षी पुन्हा उभा राहिला. फक्त इथे उत्तर आठवणीतून येत नव्हतं, तर अजून न घडलेल्या गोष्टीच्या उत्सुकतेतून येत होतं.

२००८ च्या नोव्हेंबरमध्ये मुलांचा पहिला प्रयोग झाला. ३० जून २००९ ला पिना गेली. कर्करोगाचं निदान होऊन पाचच दिवस झाले होते. २०१० मध्ये लंडनच्या बार्बिकनमध्ये आजी-आजोबांचा आणि मुलांचा असे दोन्ही प्रयोग एकाच मुक्कामात झाले. त्या प्रेक्षकांनी एकच फेर, एकच हसू, एकच तपासणी दोन वयांत पाहिली.

आणि २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये चक्र एका अर्थाने पूर्ण झालं. १९७८ च्या मूळ संचातल्या मेरिल टँकर्ड यांनी जुन्या सोबत्यांना पुन्हा वुपर्टालला बोलावलं. त्या वेळचे वीसएक नर्तक. त्यांतले नऊ जण रंगमंचावर उभे राहिले, बहुतेक सत्तरीच्या घरातले. रोल्फ बॉर्त्सिक १९८० मध्येच गेला होता, पण त्याने त्या काळात केलेलं चित्रीकरण जपून ठेवलेलं होतं. ते पडद्यावर दाखवलं गेलं आणि पडद्यावरच्या तरुण स्वतःबरोबर हे नर्तक नाचले. ज्या जोडीदाराच्या खांद्यावर हात ठेवायचा तो पडद्यावर आहे, पण शेजारी नाही. तिथे हात हवेत थांबतो. काही खुर्च्या रिकाम्याच राहतात.

‘कोंटाक्टहोफ’ संपलं नाही, याचं कारण मला या प्रवासात दिसतं. पिनाने जर तयार पावलं दिली असती, तर ती पावलं तरुण, तालीमबद्ध शरीरांपुरतीच राहिली असती. म्हाताऱ्यांनी केली असती तर ती केविलवाणी दिसली असती आणि मुलांनी केली असती तर नक्कल वाटली असती. पण प्रत्येक पावलाच्या तळाशी एक प्रश्न आहे, आणि तो प्रश्न कुठल्याही वयाला विचारता येतो. एंडिकॉटने आजींना पाऊल शिकवलं खरं, पण त्या पावलात स्वतःचं उत्तर भरण्याची जागा आधीपासूनच होती. एका माणसाने प्रामाणिकपणे दिलेलं अगदी खासगी उत्तर दुसऱ्याच्या अंगात सहज उतरतं. गुळगुळीत, सगळ्यांना चालेल असं उत्तर मात्र कुणाचंच होत नाही.

आपल्याकडे दरवर्षी स्नेहसंमेलनं होतात, गणपतीत सोसायटीचे नाच बसतात, एकांकिका स्पर्धांसाठी मुलं रात्ररात्र जागतात. सिनेमातलं गाणं लावून त्यातली पावलं उचलणं सोपं आहे आणि त्यात आनंदही आहे. त्यासोबत एखाद्या वर्षी, एखाद्या तालमीत, पहिले दोन दिवस टेप बंद ठेवून बघावी. मुलांना विचारावं, घरी कुणाची वाट पाहता तेव्हा तुम्ही कसे उभे राहता? भांडण मिटल्यावर पहिला हात कुठे जातो? उत्तरं येतील. त्यांतली बरीचशी टाकून द्यावी लागतील. उरतील त्या तीन-चार हालचाली त्या मुलांच्याच असतील, आणि पन्नास वर्षांनी त्यांना त्या पुन्हा करता येतील.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)